टिटवीचा ताबा

आमच्या मांजरीवर आजवर जेवढ्या नोटिसा बजावल्या गेल्या, त्या सगळ्या तोंडी होत्या. बजावणारे गृहस्थ कुंपणापलीकडे ताठ उभे राहत, घसा साफ करीत आणि मांजर अंग चाटण्यात गुंतलेली असली तरी तिलाच उद्देशून खड्या आवाजात सुरुवात करीत, "तुमाला याद्वारे कळविण्यात येते की, आमच्या बागेतल्या बुलबुलाच्या घरट्यावर तुमी काल जी नजर टाकली, ती बेकायदेशीर हाय. पुन्हा असा प्रकार घडल्यास होणाऱ्या परिणामास तुमी स्वतः जबाबदार ऱ्हाल." मग ते माझ्याकडे वळत. "तू पंच. तिनं समदं आयकून घेतलं, हे ध्यानात ठिव."

मी पंच म्हणून मान हलवीत असे. मांजर शेपूट हलवीत असे. बजावणी रीतसर पूर्ण झाली असे समजून ते घरात जात.

हे आमचे शेजारी भिवाजी साळवे. सारी कॉलनी त्यांना बेलिफ नाना म्हणते, कारण त्यांची सगळी नोकरी दिवाणी न्यायालयात बेलिफ म्हणून झाली. न्यायालयाचा हुकूम कागदावरून माणसाच्या दारापर्यंत नेतो तो बेलिफ. समन्स बजावायचे, जप्ती करायची, निकाल लागला की घराचा किंवा शेताचा ताबा एकाकडून काढून दुसऱ्याकडे द्यायचा. निवृत्तीच्या दिवशी नानांनी कचेरीच्या कपाटाच्या किल्ल्या परत केल्या. शब्दसंग्रह मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतला आणि तो बागेत वापरायला काढला.

आमची कॉलनी बीड शहराच्या अगदी कडेला आहे. घरे संपली की मुरमाड मोकळे मैदान, आणि मैदान संपले की पाझर तलाव. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. जी काही किनारपट्टी आमच्या वाट्याला आली आहे, ती या तलावाची. उन्हाळ्यात पाणी मागे सरत जाते तसा आमचा किनारा रुंद होत जातो, आणि पाण्याच्या टंचाईने आम्हाला कशात श्रीमंत केले असेल, तर फक्त यात. त्या ओल्या कडेवर शेकाटे, पाणटिवळे आणि बगळे चरत असतात. मी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून घरी आले ती या कडेसाठीच. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर मला संशोधन करायचे होते, त्यासाठी शिष्यवृत्ती मिळवायची होती आणि शक्य तितक्या लवकर नाव कमवायचे होते. यातले काहीही लपवून ठेवण्याचे कारण मला कधी दिसले नाही.

माझे वर्गीकरण कूळ, प्रजाती या क्रमाने चालते. नानांचे मालकी हक्काने चालते. त्यांच्या लेखी चिमणी ही मूळ मालक. पारवा अतिक्रमणधारक. साळुंकी भाडेकरू, "पण भांडकुदळ, घर खाली करून देणार न्हाई." मुंगूस हा फितूर होणारा साक्षीदार, कारण तो दिसतो आणि लगेच नाहीसा होतो. आणि कावळ्याच्या घरट्यात आपली अंडी घालणारी कोकिळा? "सरळसरळ बनावट खरेदीखत!" या एका वाक्यात त्यांनी जे सांगितले, ते समजावून द्यायला आमच्या प्राध्यापकांना अख्खा तास लागला होता.

त्यांचा सर्वांत आवडता शब्द म्हणजे 'जैसे थे'. न्यायालय निकाल लागेपर्यंत परिस्थिती आहे तशी ठेवायला सांगते, तो हा हुकूम. नानांची बाग कायमची या हुकुमाखाली आहे. वाळलेला पाला उचलायचा नाही, कारण त्याखाली सापसुरळ्या राहतात. पपईचे पिकलेले फळ उतरवायचे नाही, कारण तांबटाने त्याला चोच लावून 'ताबा घेतला' आहे. एकदा शिंजीर पक्ष्याने त्यांच्या कपडे वाळत घालायच्या तारेला घरटे टांगले. पिल्ले उडून जाईपर्यंत नानांच्या घरचे धुणे आमच्या गच्चीवर वाळले.

"लगीन करून आले तवा सासू म्हणली व्हती, पोरगा कोर्टात हाय, कशाची कमी पडणार न्हाई," नानांच्या पत्नी, आमच्या काकू, ओली साडी झटकत मला सांगत. "आता कमी एवढीच, की माझ्या दारातली तार माझी न्हाई. माणसाला तारखा द्यायचे, पाखराला तार दिली."

"कोर्टाचा अवमान करू नको," नाना खालून ओरडत.

"वर या, करून दावते!" काकू गच्चीवरून.

मात्र नानांच्या धैर्याला मर्यादा आहेत, हेही नोंदवले पाहिजे. एका दुपारी त्यांच्या बागेत चांगली लांब धामण निघाली. कॉलनीतली पुरुष मंडळी काठ्या घेऊन जमली. नाना अंगणातल्या खुर्चीवर उभे होते. खुर्चीवर बसले नव्हते, उभे होते, धोतराचा सोगा हातात घेऊन, घामाने चिंब. पण आवाज तोच. "कुणाची हरकत हाय? हरकतदारानं पुढं यावं."

"नाना, जनावर हाय ते!"

"हाय ना. अन् हितली वहिवाट तुमच्या आधीची हाय. हितं प्लॉट पाडले तवा तुमी तिला इचारलं व्हतं का? न्हाई ना? मग तिनं कावून तुमाला इचारावं?"

मी पुढे होऊन सांगितले, की धामण बिनविषारी असते, उंदीर खाते आणि तिला जायला वाट दिली तर ती आपण होऊन जाईल. ती गेली. काठ्या परतल्या. खुर्चीवरून उतरायला मात्र नानांना आणखी बराच वेळ लागला. "निकाल दिला म्हंजे भ्या वाटू नये असं कुठं ल्हिलेलं न्हाई," ते म्हणाले.

प्राणिशास्त्राच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणे व्यर्थ आहे, हे मी लवकरच शिकले. टिटवी रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडले तर तोलून धरायला, असे आपल्याकडे म्हणतात. नानांचा त्यावर पूर्ण विश्वास.

"नाना, टिटवी पाय वर करून झोपत नाही."

"तू जाऊन पाह्यलंस?"

"नाही, पण..."

"मग पुरावा न्हाई. जैसे थे."

आणि यंदाच्या उन्हाळ्यात नेमका टिटवीचाच खटला उभा राहिला.

मैदानाच्या मध्यभागी रस्त्याच्या कामातून उरलेला मुरमाचा एक बसका ढीग आहे. त्याच्या माथ्यावर मला टिटवीची चार अंडी दिसली. खड्यांमध्ये खडे दिसावेत इतकी ती बेमालूम होती. नर-मादी आळीपाळीने त्यांवर बसत. दुपारच्या उन्हात तलावावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येत आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवत. माझ्या प्रस्तावाला याहून चांगला आरंभ मिळणे शक्य नव्हते. अडचण एकच होती. त्याच मैदानावर आमच्या कॉलनीतल्या विश्वनाथअप्पांच्या मुलीचे, गौरीचे, लग्न ठरले होते, आणि माझ्या हिशेबाप्रमाणे पिल्ले बाहेर यायची ती लग्नानंतर.

मी हे नानांना सांगितले. त्यांनी सदरा बदलला, केस विंचरले आणि मला पंच म्हणून बरोबर घेऊन ते कोपऱ्यावर अप्पांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात गेले.

"या नाना, बसा. चहा सांगतो," अप्पा म्हणाले.

"चहा मागून. आदी बजावणी. तुमच्या मंडपाच्या जागंवर एक कब्जेदार निघालाय."

अप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मोकळ्या जागेवर कब्जेदार निघणे, ही आमच्याकडे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. "कोण? कुणाचा माणूस हाय?"

"माणूस न्हाई. टिटवी."

अप्पा पोट धरून हसले. "नाना, तुमी पार सटकलात बगा! गडी पाठवतो, उचलून बाजूला ठिवील अंडी. हाय काय अन् न्हाई काय."

अंडी उचलून दुसरीकडे ठेवली तर पक्षी ती सोडून देण्याचीच शक्यता जास्त, आणि वन्य पक्ष्याची अंडी हलवणे हा कायद्याने गुन्हाही आहे, असे मी थोडक्यात सांगितले.

"लग्नाच्या तोंडावर मला कायदा दावतीस व्हय गं? तुज्या वडलाला सांगू का?" अप्पांचे हसू संपले. "अन् त्यात ती टिटवी. तिचं वरडणं म्हंजे अपशकुन. मंगलाष्टकं चालू अन् वरून हिची टिवटिव. व्याही काय म्हणतील?"

नाना शांतपणे म्हणाले, "अप्पा, अंडी कुठं घातलीत, ते न्हाई इचारलं तुमी."

"कुठं?"

"मुरमाच्या ढिगावर. उंचावर."

अप्पा खुर्चीत सरळ झाले. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. टिटवीने खाली, नदीच्या पात्रात अंडी घातली तर ते साल कोरडे, आणि उंचावर घातली तर पाऊस भरपूर, असा आमच्या भागातला जुना ठोकताळा आहे. अप्पांच्या पाठीमागे कपाशीच्या बियाण्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती.

"म्हंजे यंदा..." अप्पा हळूच म्हणाले.

"लई. पण ढीग तिच्या ताब्यात ऱ्हायला पायजे. ती बेदखल झाली, तर पावसाची हमी म्या घेत न्हाई."

आजूबाजूचे दूरपर्यंत दिसावे म्हणून टिटवी उंचवटा निवडते, पावसाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून सांगणे माझे कर्तव्य होते. मी बियाण्यांच्या खोक्यांकडे पाहिले, अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते कर्तव्य लग्नानंतरच्या मुहूर्तावर ढकलले. अप्पांनी मंडपाचा एक कोपरा आत घ्यायचे कबूल केले. चहा आला. नानांनी दोन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी नानांनी हद्द कायम केली. म्हणजे क्रीडांगणावर आखणीसाठी वापरतात ती चुन्याची पांढरी फक्की आणून ढिगाभोवती मोठे, ठसठशीत वर्तुळ काढले. "आता आंधळ्यालाबी दिसंल," ते म्हणाले.

"दिवाळीला दारात एक ठिपका काढला न्हाई कधी," काकू म्हणाल्या, "अन् टिटवीला रांगोळी घालून आलेत."

लग्नाच्या आदल्या सकाळी मी तलावाच्या पलीकडच्या काठावर दुर्बिणीतून शेकाटे पाहत होते. नजर सहज मैदानाकडे वळली. मंडपवाल्या रशीदभाईंचा ट्रक आला होता. टिटवी एक पंख जमिनीवर ओढत, लंगडत पळत होती आणि दोन माणसे हसत तिच्या मागे चालली होती. शत्रूला घरट्यापासून दूर न्यायचे असते, तेव्हा टिटवी पंख मोडल्याचे हे सोंग करते. याचा अर्थ कोणीतरी अंड्यांजवळ पोचले होते. मी धावत सुटले.

मी पोचले तेव्हा एक माणूस ढिगाच्या उताराला पाय रोवून पहार उचलत होता.

"जैसे थे!"

हा आवाज माझा नव्हता. नाना बनियनवर, एका गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आले होते. त्या आवाजात कोर्टातल्या आयुष्यभराच्या पुकाऱ्याची ताकद होती. पहार हवेतच थांबली.

"काय झालं, नाना?" रशीदभाई ट्रकमागून आले.

"हितं खांब कुणी सांगितला?"

"तुमीच! चुन्यानं गोल कुणी काडला? आमच्या धंद्यात चुन्याची खूण म्हंजे खांब. एवडा मोट्टा गोल बगून पोरं खूश झाले. म्हणले, अप्पानं मदला खांब सांगितलाय, झुंबर टांगायचं असंल."

"अरे, तो गोल हितं यायचं न्हाई म्हणून हाय!"

"मग तसं सांगायचं. चुना कुटं गाडायचं ते सांगतो नाना, कुटं न्हाई गाडायचं ते न्हाई सांगत."

तर्कदृष्ट्या रशीदभाई पूर्णपणे बरोबर होते. अंडी हाताच्या अंतरावर आणि शाबूत होती. पण खरे संकट आता उभे राहिले. त्यांच्या माणसांनी मधला खांब इथे धरूनच बाकीची मापे घेतली होती आणि निम्मे खड्डे खोदून झाले होते. अप्पा आले. घरात पाहुणे भरलेले, रात्रभर झोप नाही, डोळे लाल.

"आता पुन्हा खड्डे? स्टेज कुठं घेऊ? तलावात?" त्यांनी ढिगाकडे पाहिलेही नाही. "नाना, लई झालं. लगीन माझ्या पोरीचं हाय, टिटवीचं न्हाई. पाऊस पडंल न्हाई तर न पडो. रशीद, हाण खांब."

मी कायद्याचे कलम आठवू लागले. नानांनी कायद्याचा एकही शब्द काढला नाही. ते वर्तुळाच्या आत गेले आणि तापू लागलेल्या मुरमावर, अंड्यांपासून थोडे अंतर ठेवून, मांडी घालून बसले.

"नाना, उठा."

"न्हाई उठत."

"उठा म्हणतो ना!"

"वॉरंट आणा. पोलीस आणा. उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला उठवायला काय काय लागतं, ते मला म्हाईत हाय अप्पा. तुमच्याजवळ त्यातलं कायबी न्हाई."

अप्पा बघत राहिले. पहारवाला बघत राहिला. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत होती. तेवढ्यात काकू टॉवेल घेऊन तरातरा आल्या. आता नानांना भर मैदानात ऐकून घ्यावे लागणार, असे सगळ्यांनाच वाटले. काकूंनी त्यांच्या गालावरचा साबण पुसला, टॉवेल खाली अंथरला आणि शेजारी बसल्या.

"एकला काय बसतो येड्यावानी," त्या म्हणाल्या.

मग मीही बसले. तिघांनाही उठवायचे कसे, हा विचार अप्पा करीत असतानाच त्यांच्या मागून गौरीचा आवाज आला. हळदीच्या अंगाने ती घरातून तशीच आली होती.

"अप्पा, मंडप फिरवा की."

"तू घरात जा."

"अहो, बघा तर. आत्ता स्टेजच्या मागं डीपी येतीय अन् उकिरडा येतोय. मंडप फिरवला तर ढीगसुद्धा बाहेर राहील अन् मागं सगळा तलाव येईल. फोटो लई भारी येतील. हॉलवाल्यांनासुद्धा असं मागचं दृश्य मिळत न्हाई."

अप्पांनी डीपीकडे पाहिले. उकिरड्याकडे पाहिले. मग तलावाकडे पाहिले, जणू तो त्या सकाळीच तिथे आणून ठेवला होता. "रशीद," ते म्हणाले, "किती येळ लागंल?"

"दुपारपत्तूर करतो. पण अप्पा, चुना आता मी मारणार. नानाच्या हातात देऊ नका."

लग्न थाटात झाले. बँडवाल्यांना ढिगापासून लांब वळवले होते. मंगलाष्टकांच्या मध्येच टिटवीने आवाज दिला तेव्हा अप्पांनी स्वतः व्याह्यांच्या कानात सांगितले, "आमच्याकडं उंचावर घातलीत. यंदा पावसाला तोटा न्हाई." व्याही शेतकरी होते. ते अक्षता हातात धरून मान लांबवून ढिगाकडे बघू लागले. जेवणाच्या पंगतीनंतर वऱ्हाड रांग लावून टिटवीच्या दर्शनाला आले. नाना इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात वर्तुळाच्या कडेला उभे होते. "लांबून बगा. पुढं सरका. ताबा चालू हाय." नवरदेवाच्या मामांनी विचारले, "हितं काय पुरलंय का?" नाना म्हणाले, "पुरलं न्हाई. उगवायचंय."

आणि ते उगवले. पाठवणीनंतर काही दिवसांनी, कोवळ्या उन्हात, कापसाच्या बोंडाला काड्यांचे पाय फुटावेत तशी चार पिल्ले ढिगावरून उतरली. टिटवीची पिल्ले अंगावरची पिसे वाळताच चालू लागतात. आई पुढे, बाप मागे, मध्ये ही चौघे, असे ते वऱ्हाड मोकळे मैदान ओलांडून तलावाच्या ओल्या कडेला पोचले. अर्धी कॉलनी श्वास रोखून पाहत होती. धामणीवर काठ्या उगारणारी मंडळी भटक्या कुत्र्यांना हाकलत दोन्ही बाजूंनी चालली होती. अप्पांनी बारशाचे म्हणून पेढे वाटले. ज्या प्रस्तावात या कुटुंबाची गोष्ट होती, तो पुढे निवडला गेला, आणि माझ्या कामाची सुरुवात त्याच किनाऱ्यावर झाली.

पिल्ले ढिगावरून उतरली त्या संध्याकाळी नाना आणि मी तलावाच्या कडेला गेलो. पिल्ले गवताच्या आडोशाला दबून बसली होती. आम्ही दिसताच मादी उठली आणि कर्कश ओरडत थेट नानांच्या डोक्यावर झेपावली. नेमकी त्यांच्याच. पुन्हा वळली, पुन्हा झेपावली.

"नाना, मागे व्हा. तिला उपकार वगैरे कळत नाहीत. तुम्ही तिच्यासाठी घुसखोर आहात."

नाना मागे झाले नाहीत. मी विचारले, "त्या दिवशी एकदम बसायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"पाह्यलं व्हतं एकदा." ते पाण्याकडे बघत बोलत होते. "तिकडं एका गावाला ताबा घ्यायला गेलतो. लोक अंगावर येतात म्हणून पोलीस संगं नेलते. दारात बाई बसली व्हती, उंबऱ्यावर. म्या म्हणलं, बाई, उठा. अन् ती उठली."

"भांडली नाही?"

"वरडली न्हाई. रडली न्हाई. आत गेली, समदं घर झाडून काढलं, चुलीला पोतेरं फिरवलं, अन् किल्ली आणून माझ्या हातात दिली. म्हणली, साहेब, लांबून आलात, पाणी पिऊन जावा."

"तुम्ही प्यालात?"

"पेलो," नाना म्हणाले. "घरी कुणाला सांगितलं न्हाई कधी."

टिटवी पुन्हा आली. या वेळी तिच्या पंखाचा वारा माझ्याही कानाला लागला. नानांनी हात वर केला नाही, डोके झाकले नाही.

"वरड, बाई," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "वरड."

तलावावर वळसा घेऊन ती परत त्यांच्याकडे येत होती. नाना मान थोडी खाली घालून तिथेच उभे राहिले.